मे महिन्यात रान तोडू नकोस

चि. सोनूस,


तुझ्या आजोबांच्या वरकस जमिनीत माजलेलं रान या मे महिन्यात जेसीबी लावून एका दमात साफ करायचं आणि जूनला हापूसची कलमं लावायची, हा तुझा बेत वहिनीकडून कळला. मुंबई-पुण्याच्या बऱ्याच चाकरमान्यांचा असाच बेत असतो, कारण सुट्टी मे महिन्यात मिळते. म्हणून हे पत्र तुला लिहितेय आणि त्या सगळ्यांना वाचता यावं म्हणून छापायलाही देतेय. जमिनीची ओढ तुला लागली याचा मला किती आनंद झालाय, ते तुला ठाऊक आहे. पण रान कधी तोडायचं हे सुट्टीवरून ठरवू नकोस.

राजापुराकडे वर्षाला तीन हजार मिलीमीटरहून जास्त पाऊस होतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरात कोसळतो. आपल्या उतारावर जांभ्यावरची माती वीतभर, कुठे तेवढीही नाही. ती धरून ठेवलीय मुळांनी आणि पाचोळ्याने. मेअखेर मशीनने सगळं मुळासकट उपटलंस, तर मृगाच्या पहिल्या मोठ्या सरीला ती माती पऱ्ह्यातून खाडीला जाईल आणि तुझ्या वाट्याला कातळ उरेल. कातळ फोडून, बाहेरची माती भरून कलमं लावणारे बागायतदार कोकणात आहेत. पण आपल्याकडे आहे ती माती घालवायची आणि मग ट्रकने विकत आणायची, याला शेती म्हणवत नाही.

शिवाय मार्च ते मे म्हणजे पाखरांच्या विणीचे दिवस. वरच्या अंगाला तो जुना बेहडा आहे ना, त्याच्या ढोलीकडे नीट बघ. धनेशाची मादी अशा ढोलीत शिरते, विष्ठा आणि चिखल यांनी तोंड लिंपून घेते आणि चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. अंडी घालून ती आतच बसते, तिथेच तिची पिसं गळतात, आणि नर आठवडेच्या आठवडे त्या फटीतून तिला आणि पिल्लांना फळं भरवतो. एप्रिलात असं झाड पाडलं, तर मादी आणि पिल्लं जागीच जातात आणि त्या नराची एक वीण वाया जाते. वड, उंबर, काजरा यांच्या बिया लांबवर नेऊन टाकणारा हा पक्षी आहे. ढोलीचं झाड मे महिन्यातच काय, कधीच तोडू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

मग तोडायचं कधी? रानात जे माजलंय ते सगळं एका जातीचं नाही, त्यामुळे वेळही एक नाही.

सर्वांत आधी रानमोडी. भाताची कापणी चालू असते तेव्हा, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, जमिनीत ओल असते आणि रानमोडीची मुळं वरवरची असल्यामुळे झुडूप हाताने उपटून येतं. थंडीत तिला पांढुरकी फुलं धरतात आणि पुढे तिचं बी म्हातारीसारखं वाऱ्यावर उडतं. फुलायच्या आधी ती निघाली पाहिजे. फेब्रुवारीत तोडणारा माणूस स्वतःच्याच शेतात तिची पेरणी करत असतो. वर तिच्या वाळक्या काटक्या वणव्याला आमंत्रण देतात, आणि आपल्याकडे वणवे त्याच सुमाराला लागतात. एका काडीने किती काजूच्या बागा गेल्या ते तू गावात कुणालाही विचार.

घाणेरीला हिसडा मारून उपयोग नाही आणि नुसता कोयता लावला तर ती दुप्पट फुटते. दिल्ली विद्यापीठातल्या प्रा. सी. आर. बाबू यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात एक साधी रीत बसवली. खोडाभोवतीची माती सारून मुख्य मूळ जमिनीखाली तीन ते पाच सेंटिमीटरवर कुदळीने तोडायचं, आणि झुडूप मुळं आभाळाकडे करून उलटं ठेवायचं, म्हणजे फांद्या मातीला लागून पुन्हा रुजत नाहीत. हेही ओल असेपर्यंतच सोपं जातं. तिची फळं बुलबुल खातात, त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात पाखरं बसतात त्या झाडांखाली नवी रोपं दिसतील. ती तेव्हाच उपटायची.

ऐन, किंजळ, धामण यांचं गणित वेगळं. डिसेंबर-जानेवारीत झाडाची ताकद मुळांत साठलेली असते, म्हणून तेव्हा तोडलेल्या खुंटातून जोमदार धुमारे येतात. सरपणासाठी, कवळासाठी झाड राखायचं असेल तर हीच वेळ बरोबर. जे झाड नकोच आहे, तेही थंडीतच तोड, पण मग धुमारे आले की पावसाच्या तोंडाशी एकदा आणि श्रावणात पुन्हा मोडायचे. नवी पालवी काढताना मुळांतला साठा खर्ची पडतो, तो परत भरू दिला नाही की खुंट मरतो. काही जाणते सांगतात की पालवी फुटल्यावरच घाव घाल, झाड लवकर हटतं. ते खरं आहे, पण सपाटीवरच्या एखाददुसऱ्या झाडापुरतं. अख्ख्या उताराला तो नियम लावू नये.

कामाला माणसंही थंडीतच मिळतात. भात घरात आलेलं असतं आणि आंबा उतरवायला अजून अवकाश असतो. गमबूट मात्र सगळ्यांना दे. आपल्या कातळावर, दगडाखाली, पाचोळ्यात फुरसं असतं, आणि ते मातीच्याच रंगाचं असल्यामुळे पाय पडेपर्यंत दिसत नाही. जाळीत हात घालण्याआधी काठीने ढवळायचं.

तोडलेलं जाळू नकोस. उताराला आडवे ढीग रच, पावसात वाहणारी माती तिथे अडेल. पऱ्ह्याच्या दोन्ही काठांची झाडं आणि गडग्यालगतच्या करवंदीच्या जाळ्या तशाच ठेव. त्या काट्यांनी गुरं अडतात आणि आत कितीतरी जीव राहतात. कलमांसाठी अख्खी जमीन उघडी करावी लागतच नाही. दहा-दहा मीटरवर एकेक खड्डा येतो, तेवढी जागा मोकळी केलीस की झालं. खड्डे पुढच्या वर्षीच्या एप्रिलात मारू, शेणखत-माती भरू आणि पाऊस स्थिरावला की कलमं लावू. एक वर्ष गेलं असं तुला वाटेल. हापूसचं झाड पिढ्यान्‌पिढ्या फळतं, त्याच्यासाठी एक वर्ष जास्त नाही.

आता कागद. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) कायद्याच्या अनुसूचीत ऐन, किंजळ, साग, खैर, हिरडा, जांभूळ, आंबा, फणस ही झाडं आहेत, म्हणजे तुझ्या जमिनीतली बहुतेक मोठी झाडं. स्वतःच्या मालकीची असली तरी ती परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. त्याहून महत्त्वाचं म्हणजे सातबारा. कोकणातल्या कितीतरी वरकस जमिनींवर १९७५ च्या खाजगी वने संपादन कायद्यामुळे वनाचा शेरा पडलेला आहे. असा शेरा निघाला तर कोयतासुद्धा उचलू नकोस, आधी वनखात्यात जाऊन काय ते लेखी घे.

या मे महिन्यात घरी जरूर ये, पण जेसीबीवाल्याला बयाणा देऊ नकोस. सातबारा आणि जुने फेरफार काढ, माझ्याबरोबर जमीन फिर आणि ठेवायच्या झाडांना चुन्याचे पट्टे मार. माणसं मी ठरवते. तू रजा दसऱ्यानंतरची टाक.

तुझी,
आत्या