मुक्काम चौकला, सहल इमॅजिकाला. पण जेवणाचं काय?

सुटीत मुलांनी एकदा ‘इमॅजिका’ म्हटलं की घरात तिकिटांची चर्चा होते, गाडीची होते, कोण कोण येणार याचीही होते. जेवणाची मात्र कोणी करत नाही. ती जबाबदारी न सांगता तुमच्याकडे येते, हो की नाही? पहाटे चारला उठून पुऱ्या लाटायच्या तुम्ही, आणि दुपारी सगळे मजा करत असताना खाण्याच्या रांगेत उभं राहायचं तेही तुम्हीच! म्हणून मैत्रिणींनो, या खेपेला जेवणाचा बेत आधी ठरवू या. असा ठरवू या, की सुटी तुम्हालाही मिळेल.

इमॅजिका २०१३ साली सुरू झालं ते खोपोली-पाली रस्त्यावर. मुंबई-ठाण्याकडून एका दिवसात जाऊन येणारे पुष्कळ. पण लहान मुलं आणि वडीलधारी माणसं बरोबर असतील तर अलीकडे चौकला मुक्काम करणं सोयीचं. पनवेलहून जुन्या मुंबई-पुणे रस्त्याने खालापूरकडे निघालं की वाटेत चौक लागतं. कर्जतचा रस्ता इथूनच फुटतो. माथेरानचा डोंगर, इर्शाळगडाचा सुळका, जवळच मोरबे धरणाचं पाणी. चौक-कर्जत भागात राहण्याच्या घरगुती जागा आहेत, आणि तिथं सांगितल्यावर चुलीवरचं जेवण मिळतं. आपला निम्मा प्रश्न इथंच सुटतो.

उरलेला निम्मा फाटकापाशी उभा असतो. बाहेरचे खाद्यपदार्थ आत नेऊ देत नाहीत. याबद्दल कुरकुर करून उपयोग नाही. अमेरिकेतल्या डिस्नेलँडमध्ये घरचा डबा नेता येतो. तोक्योच्या डिस्नेलँडमध्ये नेता येत नाही, पण फाटकाबाहेर बसून खाण्याची जागा ठेवली आहे. नियम ज्याचा त्याचा. आपण तो तिकीट काढण्यापूर्वीच नीट विचारून घ्यावा. तान्ह्या बाळाचं खाणं, सासूबाईंचं मधुमेहाचं पथ्य, औषधं यांना काय सवलत आहे? एकदा बाहेर आल्यावर त्याच तिकिटावर पुन्हा आत सोडतात का? ही दोन उत्तरं हातात असली की बेत पक्का करता येतो.

आता बेत ऐका. सकाळची न्याहारी चौकलाच, पोटभर. मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या रात्रीच सांगून ठेवा. पोहे, उपमा किंवा तांदळाची भाकरी आणि भाजी बरी, वडे-भजी नकोत. तळलेलं खाऊन ‘नायट्रो’सारख्या उलट्यापालट्या होणाऱ्या पाळण्यात बसलं, तर खाल्लेलं पोटात राहील याची हमी नाही! असे जोराचे पाळणे आधी उरकावेत, जेवण मागाहून.

आत जेवायचं ते एकदाच. एक ते दोनच्या वेळी सगळ्यांनाच भूक लागते, म्हणून बाराच्या आत जेवा, नाहीतर अडीचनंतर. जेवल्यावर तासभर बसून पाहायचे खेळ बघावेत. मधुमेहाच्या माणसाने मात्र आपली वेळ चुकवू नये. उन्हाळ्यात पाणी घोट घोट पीत राहावं. तहान लागेपर्यंत थांबू नये.

आईस्क्रीम आणि सरबत यांवरून दिवसभर जी कटकट चालते, तिला एक उपाय आहे. प्रत्येक मुलाला सकाळीच ठरावीक पैसे द्या. संपले की संपले. दहा वेळा ‘नाही’ म्हणण्याचं काम तुमच्याकडून जातं, आणि मुलं किंमत वाचून मग मागू लागतात.

डबा अजिबात न्यायचा नाही का? न्यायचा, पण गाडीत ठेवायचा, संध्याकाळसाठी. बंद गाडी उन्हात चांगलीच तापते, तेव्हा ओलं खोबरं, दही, उकडलेला बटाटा घातलेलं काही नको. दुधात भिजवलेल्या कणकेच्या दशम्या, लसणाची कोरडी चटणी, भडंग, लाडू. कुणाचा उपवास असेल तर राजगिऱ्याची वडी. हे सगळं आदल्या दिवशी होतं, पहाटे उठावं लागत नाही. पार्कातून बाहेर पडल्यावर भुकेलेली, चिडचिडी झालेली मुलं या डब्यावर शांत होतात, आणि वाटेत हॉटेलसमोर गाडी थांबवण्याचा हट्ट टळतो.

रात्रीचं जेवण सकाळी निघतानाच सांगून जावं. साधं पिठलं-भाकरी किंवा वरण-भात. दमल्या पोटाला तेच गोड लागतं. थंडीत गेलात तर पोपटीची चौकशी करा. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला घालून वालाच्या शेंगा भाजतात, ती रायगडची खास मेजवानी. पावसाळ्याच्या तोंडाशी ठाकर आणि कातकरी बायका शेवळं, मग टाकळा, कर्टोली अशा रानभाज्या विकायला आणतात. मुलांना इर्शाळगड दाखवाल, तेव्हा त्याच्या कुशीतली ठाकरांची इर्शाळवाडी १९ जुलै २०२३ च्या रात्री दरडीखाली गेली, हेही सांगा. मग त्या भाजीच्या वाट्यासाठी घासाघीस करावीशी वाटणार नाही.

शेवटचं, आणि सर्वांत महत्त्वाचं. हा बेत एका कागदावर लिहा आणि घरात सगळ्यांना वाचून दाखवा. त्यात कामंही वाटून द्या. दुपारच्या जेवणाची रांग यजमानांची, पाण्याच्या बाटल्या मोठ्या मुलाच्या, डब्याची पिशवी नणंदबाईंकडे. आणि तुमच्या नावापुढे काय लिहाल? एका पाळण्याचं नाव लिहा. त्या वेळी पर्स दुसऱ्या कुणाच्या तरी हातात द्यायची, बरं का!