किरणांची साक्ष

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. त्या काळी आठवडाभर शाळेत पदार्थविज्ञान आणि रविवारी मिस्सानंतर दृढीकरणाच्या मुलांना धर्मशिक्षण, असा माझा दुहेरी संसार चालू होता. एका रविवारी वर्गात संत थॉमसचा प्रसंग निघाला. मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून म्हणाला, ''सर, थॉमसने हात लावून पाहायचे म्हटले, त्यात त्याचे काय चुकले? प्रयोग केल्याशिवाय काही मानू नका, असे शाळेत तुम्हीच सांगता.'' मी हसून म्हणालो, ''अरे, अणू तरी तू कुठे पाहिलास? मानतोसच ना?'' वर्ग हसला. मुलगा खाली बसला. पुढच्या रविवारी तो आला नाही, आणि नंतर जवळजवळ नाहीच.

माझे उत्तर हजरजबाबी होते. खरे मात्र नव्हते. ते का खरे नव्हते, हे मला नीट उमगले ते निवृत्तीनंतर, एका ताऱ्याच्या निमित्ताने.

शर्मिष्ठा या तारकासमूहात, आपल्यापासून सुमारे 13,000 प्रकाशवर्षांवर, एक न्यूट्रॉन तारा आहे. यादीत त्याचे नाव '4यू 0142+61' असे रूक्ष आहे. न्यूट्रॉन तारा म्हणजे मोठ्या ताऱ्याच्या स्फोटानंतर मागे उरलेला गाभा. सूर्याहून अधिक वस्तुमान, आणि व्यास मात्र जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर. त्यातही हा तारा 'मॅग्नेटार' या जातीचा. त्याचे चुंबकक्षेत्र पृथ्वीच्या चुंबकक्षेत्राच्या कोटी कोटी पट. 'कोटी' हा शब्द चुकून दोनदा पडलेला नाही. अशा क्षेत्रात अणूदेखील आपला गोलवा सोडून सुईसारखे लांबट होतात. असे तारे असावेत, ही कल्पना रॉबर्ट डंकन आणि ख्रिस्तोफर थॉम्पसन यांनी 1992 मध्ये मांडली. त्याच वर्षी पोप जॉन पॉल दुसरे यांनी गॅलिलिओच्या बाबतीत धर्मपंडितांकडून चूक झाल्याचे मान्य केले होते, हे जाता जाता आठवते.

आता, जिथे कोणी कधीही जाणार नाही, मोठ्यातल्या मोठ्या दुर्बिणीतूनही ज्याचा पृष्ठभाग दिसणार नाही, अशा वस्तूची चौकशी करायची कशी? तिचा किरण येतो, तेवढाच आपला साक्षीदार. साक्षीदाराला काय विचारायचे, ते मात्र आपल्या हाती असते. किरण किती आले, कोणत्या ऊर्जेचे आले, हे प्रश्न पूर्वीपासून विचारले जात होते. 'तू कोणत्या दिशेने कंप पावतोस?' हा प्रश्न अवघड होता.

खिडकीच्या गजाला दोरी बांधून ती वर-खाली हलवा, मग आडवी हलवा. लाट दोन्ही वेळा गजाकडेच जाते, पण कंपाची दिशा निराळी असते. प्रकाशाचेही तसेच. ही दिशा एका रेषेत आली की त्याला ध्रुवण म्हणतात. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर मुलीने मला एक गडद चष्मा आणून दिला. मिठागराच्या पाण्यावरची दुपारची तिरीप त्यातून पार मावळते. पण चष्मा काढून डोळ्यांसमोर आडव्याचा उभा धरला, की तीच तिरीप पुन्हा डोळ्यांत घुसते. पाण्यावरून उसळलेला प्रकाश पाण्याची खूण घेऊन येतो.

ताऱ्याचे क्ष-किरण आपल्या वातावरणातून खाली येत नाहीत. म्हणून यंत्र अवकाशात हवे. मार्टिन वाइसकॉफ हे शास्त्रज्ञ तरुणपणी, 1975 मध्ये सोडलेल्या 'ओएसओ-8' या उपग्रहाच्या साह्याने क्रॅब तेजोमेघाच्या क्ष-किरणांचे ध्रुवण मोजण्याच्या कामात होते. त्याहून कितीतरी संवेदनशील अशी 'आयएक्सपीई' ही दुर्बीण नासा आणि इटलीची अवकाश संस्था यांनी सोडली ती 9 डिसेंबर 2021 रोजी. मोहिमेचे प्रमुख तेच वाइसकॉफ! मध्ये सेहेचाळीस वर्षे. मंदिरात वाट पाहणारा वृद्ध शिमोन मला येथे आठवला, तर वाचक रागावणार नाहीत.

या दुर्बिणीचे काळीज म्हणजे वायूने भरलेली एक लहानशी पेटी. ती विकसित झाली इटलीत, गॅलिलिओच्या पिसा शहरातील शास्त्रज्ञांच्या सहभागाने. किरणाचा एक कण वायूतल्या अणूवर आदळतो आणि एक इलेक्ट्रॉन उडवतो. तो इलेक्ट्रॉन शक्यतो किरणाच्या कंपाच्या दिशेने धावतो आणि त्याच्या पावलांची खूण टिपली जाते. 'शक्यतो' हा शब्द महत्त्वाचा. एकट्या कणाच्या साक्षीवर काहीच ठरत नाही. हजारो खुणा गोळा कराव्या लागतात, तेव्हा कुठे त्यांचा कल दिसू लागतो. एका साक्षीदारावरून निवाडा करू नये, हा मोशेच्या नियमशास्त्रातला दंडक येथेही लागू आहे.

2022 च्या आरंभी या ताऱ्याकडे दुर्बीण रोखली गेली. कमी ऊर्जेच्या किरणांत ध्रुवण सुमारे 15 टक्के निघाले, अधिक ऊर्जेच्या किरणांत सुमारे 35 टक्के. मध्ये, 4 ते 5 किलोइलेक्ट्रॉनव्होल्टच्या सुमारास, ते जवळजवळ शून्यावर आले आणि पलीकडे कंपाची दिशा नेमकी नव्वद अंशांनी वळली. जणू एकाच तोंडाने दोन साक्षी दिल्या. संशोधकांनी अर्थ लावला, की या ताऱ्यावर वातावरण नसावे. चुंबकत्वाने गोठलेला उघडा, घन पृष्ठभाग असावा, आणि अधिक ऊर्जेचे किरण भोवतालच्या विद्युतभारित कणांवर आपटून दिशा बदलून येत असावेत. पण 2023 मध्ये डाँग लाई यांनी दाखवले, की वातावरण असूनही असे वळण येऊ शकते. कारण प्रबळ चुंबकक्षेत्रात रिकामी पोकळीसुद्धा स्फटिकासारखी वागते, असे भाकीत हायझेनबर्ग आणि ऑयलर यांनी 1936 मध्येच करून ठेवले आहे. वृश्चिकेतल्या दुसऱ्या एका मॅग्नेटारमध्ये ध्रुवण 80 टक्क्यांपर्यंत चढले, आणि दिशा मुळीच वळली नाही! वाद चालू आहे. 1 जानेवारी 2024 रोजी, देवमातेच्या सणाच्या सकाळी, भारताचा 'एक्स्पोसॅट' हा उपग्रहही बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने बनवलेले ध्रुवणमापक घेऊन याच विद्येच्या कामासाठी वर गेला.

न पाहिलेल्या ताऱ्यावर या लोकांनी 'विश्वास' ठेवला नाही. त्यांनी त्याची उलटतपासणी केली आणि अजूनही ती थांबवलेली नाही. म्हणून अणूचा दाखला देऊन देवाची बाजू मांडणे हा दोघांवरही अन्याय आहे, असे मला आता वाटते. श्रद्धेचा आधार निराळा आहे आणि तो तसा निराळेपणाने सांगण्याचे धैर्य त्या दिवशी माझ्यात नव्हते. थॉमसला प्रभूने जखमा दाखवल्या, त्याला हसण्यावारी नेले नाही, हेही मी मुलाला सांगितले नाही.

गेल्या नाताळच्या रात्री तो मला चर्चच्या आवारात भेटला. कानशिले पिकलेली, सोबत पत्नी आणि दोन मुली. मी त्या रविवारचा विषय काढताच तो म्हणाला, ''सर, तुम्हांला अजून आठवते?'' मी ''माझे उत्तर चुकीचे होते,'' एवढे म्हटले आणि वायव्येकडे झुकलेली शर्मिष्ठा त्याला दाखवली. तो तारा तिथे आहे, डोळ्यांना दिसत नाही, असे सांगून सगळी हकीगत सुरू केली. मुलीही ऐकू लागल्या. मिस्साची घंटा झाली, तेव्हा मी अजून नव्वद अंशांपर्यंत पोचलो नव्हतो.