आप्पांची सायकल

जुन्या सायकलचं गंजकं हँडल दिसलं की आपला हात आधी पॉलिश पेपरकडे जातो, हो ना? थांबा! क्रोम म्हणजे लोखंडावरचा अगदी पातळ मुलामा. तो एकदा खरवडला गेला की गेलाच.

आप्पांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, पोळ्या गुंडाळायचा अॅल्युमिनियमचा कागद आणला. त्याचा बोळा पाण्यात बुडवून हळूहळू घासायचा. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ, म्हणून गंज निघतो पण चरे पडत नाहीत. मुलामाच उडालेला असेल तिथे काळे ठिपके राहतात. राहू देत की!

ग्रीस काढायला डिझेल, तेही अंगणात, विस्तवापासून लांब आणि मोठं माणूस जवळ असतानाच. मागचं चाक उघडताना खाली परात ठेवा, नाहीतर छर्रे पळालेच म्हणून समजा! साधारणपणे दोन्ही बाजूंना 9-9 असतात. खड्डे पडलेले छर्रे परत घालू नका.

बाबा ही सायकल भंगारात देणार होते. "जागा अडवते नुसती," म्हणायचे. पण मातीच्या थराखाली एक पितळी बिल्ला निघाला. पूर्वी सायकलवर कर असे, तो भरला की नगरपालिका असा बिल्ला द्यायची. मी चिंच घेऊन धावलो.

"एवढा काळाच असू दे रे," आप्पा म्हणाले.

बाबांनी बिल्ल्यावरचा नंबर दोनदा वाचला. काल ऑफिसातून येताना त्यांनी ब्रेकचे नवे रबर आणलेत.