भाऊंचे बिल्ले

आमच्या घरात चांदी होती, पण कुणी अंगावर घालायची नव्हती. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेले भाऊंचे अकरा बिल्ले. भाऊ, म्हणजे आमचे वडील, नेव्हल डॉकयार्डात फिटर. शुक्रवारी उजाडायच्या आत गिरगावातून चालत चोरबाजार गाठायचे, जुम्मा बाजारातल्या पथाऱ्या धुंडाळायचे आणि तसेच ट्रामनं गोदीत. 1947 नंतर साहेब गेले, पण त्यांची अडगळ त्या गल्ल्यांत पुढं कितीतरी वर्षं निघत होती.

आजी डब्याला शिवायची नाही. बिल्ले फ्रीमेसन या गुप्त मंडळीतल्या साहेबांचे. त्यांचा हॉल म्हणजे जादूघर, आणि तिथली वस्तू देवाच्या फळीखाली! भाऊ म्हणायचे, "अगं आई, ही तर आमचीच हत्यारं." खोटं नव्हतं ते. लॉजच्या, म्हणजे मेसनांच्या शाखेच्या, मास्टरचं चिन्ह गुण्या, सीनियर वॉर्डनचं पाणसळ, ज्युनियर वॉर्डनचं ओळंबा. मास्टरपद भोगून झालेल्याच्या बिल्ल्यात तर गुण्याच्या आत एक आकृती लोंबते. ताईनं ती बघितली आणि ओरडली, "पायथागोरस!" शाळेत तिला नुकतेच त्यावरून हातावर फटके बसले होते.

भाऊंना हवे असायचे फक्त आरमारी साहेबांचे. सुरुवातीला मागं बारीक नांगर उठवलेला दिसला की घेतलाच. असे चार जमले. मग एका म्हाताऱ्या घड्याळजीनं भिंग हातात देऊन सांगितलं, सिंह म्हणजे कसाची चांदी, आणि नांगर म्हणजे बर्मिंगहॅम. समुद्राचा वारा नसलेलं गाव, आणि 1773 पासून छाप नांगराचा! आई महिनाभर हसत होती.

तेव्हापासून भाऊ नावं वाचायला लागले. नावापुढं आर. एन. म्हणजे रॉयल नेव्ही. आर. आय. एम. म्हणजे रॉयल इंडियन मरीन, भाऊंच्याच गोदीतली. 1934 साली तिची रॉयल इंडियन नेव्ही झाली, म्हणजे बिल्ला त्याआधीचा. एकावर 1914 ते 1918 ही सालं रोमन आकड्यांत. पहिल्या महायुद्धात गेलेल्या मेसनांचं स्मारक म्हणून लंडनचा हॉल बांधला, तो 1933 साली पुरा झाला. त्यासाठी दहा गिनी देणाऱ्याला हा बिल्ला मिळायचा. दहा गिनी! भाऊंनी तो तीन रुपयांत आणला होता.

एका दिवाळीला आईनं निरांजनाबरोबर सगळे बिल्ले रांगोळीनं घासून लखलखीत केले. मुलामा उडाला, त्याचं एवढं नाही. पण आर. आय. एम.वाल्याचं कोरीव नाव आधीच झिजलेलं, तेही गेलं. शेवटची तीन अक्षरं तेवढी राहिली. भाऊ काही बोलले नाहीत, फराळाला बसले नाहीत इतकंच.

डबा आता ताईकडे डोंबिवलीला असतो. भाऊबीजेला आम्ही तो झिजलेला बिल्ला खिडकीशी तिरका धरतो. ताईला नावाचं पहिलं अक्षर ‘जे’ वाटतं, मला ‘टी’. धाकटा म्हणतो, आधी दोघं चष्मे बदला.