जीव जाग्यावर

बार्शीटाकळीच्या कालंका देवीच्या देवळात गेलो होतो तो शिलालेखासाठी. शके १०९८चा, म्हणजे इ.स. ११७६चा. पण नजर अडकली ती एका म्हाताऱ्या बाईच्या बोटांत. खांबाला पाठ टेकून ती वाती वळत होती. मांडीवर सरकी काढलेला कापूस, शेजारच्या वाटीत चिमूटभर राख. बोटं राखेला टेकवायची, कापसाला एक पीळ द्यायचा, की फुलवात तयार. लगेच दुसरी. श्रावण अर्धा सरला होता, सोयाबीन फुलावर होतं आणि पावसानं ओढ दिली होती.

“नवस हाय का माय?” मी विचारलं.

“नवस कायचा बाप्पा! पाण्याचा पत्ता नाई, डोस्क्यात नुसता कालवा. हाताले काम देल्लं का डोस्कं गप रायते.”

तिनं मान वर केली नाही. मीही तिथंच टेकलो. शिलालेख साडेआठशे वर्षं थांबला होता, आणखी तासभर थांबला.

मन शांत करायचं म्हटलं की हल्ली पहिल्यांदा डोळे मिटायला सांगतात. डोळे मिटून बसणाऱ्यांविषयी मला आदर आहे. पण माझे डोळे मिटले की काळजीच जास्त लख्ख दिसते. आमच्या वऱ्हाडातल्या माणसाला तर आभाळाकडे बघायची इतकी सवय, की डोळे मिटले तरी तो ढगच शोधतो. त्याचा जीव जाग्यावर येतो तो हातापायांच्या वाटेनं. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात जन्मलेल्या गाडगेबाबांनी गावात शिरताच आधी झाडू हातात घेतला, कीर्तन नंतर केलं. त्या क्रमात मोठं शहाणपण आहे, असं मला मनापासून वाटतं.

आमचे आबाजी बंड्यांच्या रांगेची गोष्ट सांगायचे. १९७२ साली कापसाची एकाधिकार खरेदी सुरू झाली, त्यानंतरच्या वर्षांतली. दिवाळीनंतर सगळ्यांचाच कापूस एकदम घराबाहेर पडायचा आणि खरेदी केंद्राबाहेर बैलबंड्यांची रांग लागायची. दिवस जायचा, रात्र जायची, रांग चार बंड्यांनी पुढं सरकायची. बैल सोडून चाकाला बांधलेले, पुढ्यात कडबा. फडक्यात ज्वारीची भाकर आणि ठेचा. रात्री त्याच कापसावर अंग टाकायचं. ऊब भरपूर, झोप नाही. कारण रांगेच्या त्या टोकाला ग्रेडर होता. तो कापसाचा पुंजका दोन्ही चिमटींत धरून ताणायचा, धाग्याची लांबी बघायचा, आणि त्या एका ताणात वर्षाचा हिशेब ठरायचा. चुकारा हातात कधी पडेल तो पुढचा घोर. पोरीचं लग्न, सोसायटीचं कर्ज, पुढच्या पेरणीचं बियाणं, सगळं त्या बंडीत भरलेलं.

“मंग तुमी काय करा?” मी लहानपणी विचारायचो.

“काय करतो! कासरे वळो.”

अंबाडीचे. रांगेतली माणसं येताना सोबत अंबाडीचा वाख आणायची. एकानं टोक धरायचं, दुसऱ्यानं पीळ द्यायचा. ज्याच्याशी बांधावरून वाकडं, तोही टोक धरायचा, कारण दोरी एकट्यानं वळली जात नाही. दिवस बुडाला की कुणीतरी खंजिरी काढायचा. तुकडोजी महाराजांनी १९३५ साली मोझरीला गुरुकुंज उभारला. त्यांची सामुदायिक प्रार्थना तोवर वऱ्हाडात गावोगाव पोचलेली. बंड्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत माणसं ओळीनं बसायची, पाठ ताठ, बाजूला बैलांच्या घंटा वाजतायत. बार्शीटाकळीचे मुसलमान शेतकरी नमाज आटोपून येऊन बसायचे. ती प्रार्थना सगळ्यांसाठीच होती. मग बोलणं निघायचं, आणि त्या अंधारात माणूस घरी बायकोला सांगितलेलं नाही ते शेजारच्या बंडीवाल्याला सांगायचा. आबाजी म्हणायचे, भाव तर आपल्या हाती नव्हता, पण रांगेतून घरी आलेला माणूस मोकळा होऊन यायचा.

हे बोलणं औषधासारखं लागू पडतं, हे पुढं आकड्यांतही दिसलं. अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा प्रकल्प चालला. गावातल्याच कार्यकर्त्यांनी घरोघरी जाऊन माणसांना बोलतं केलं. नैराश्य आलेल्यांपैकी मदतीपर्यंत पोचणारे आधी ४.३ टक्के होते, दीड वर्षात ते २७.२ टक्के झाले. २०१७ साली ‘द लॅन्सेट सायकियाट्री’त हे प्रसिद्ध झालं. जिथं झोपच उडाली आहे, जगण्यातलं मन उठलं आहे, तिथं वाती आणि कासरे पुरत नाहीत; तिथं डॉक्टर हवा, नाहीतर निदान १४४१६ हा टेली मानसचा फोन. तो नंबर पंचांगाशेजारी भिंतीवर लिहून ठेवावा, असं मी भेटेल त्याला सांगतो.

पावसाची ही काळजी आता एकट्या शेतकऱ्याची राहिलेली नाही. बार्शीटाकळी तालुक्यातल्याच, काटेपूर्णा नदीवरच्या महानच्या धरणावर अकोला शहर पाणी पितं. काटेपूर्णेला पूर आला नाही की नळाकडे बघणारा नोकरदारही घरात तसाच फेऱ्या घालतो. अशा वर्षी मला श्रावणातल्या शेवटच्या सोमवारची कावड फार महत्त्वाची वाटते. १९४४ सालच्या दुष्काळात काही तरुणांनी पूर्णा नदीचं पाणी आणून अकोल्याच्या राजराजेश्वराला घातलं, तिथपासून ती चालत आली असं सांगतात. आजही गांधीग्रामहून अकोल्यापर्यंत सुमारे १८ किलोमीटर, अनवाणी, भरणी खांद्यावर घेऊन माणसं रात्रभर चालतात. पाऊस पडो न पडो, त्या रात्री पायाखालची खडी खरी असते आणि खांद्यावरचं ओझं खरं असतं. खांदा भरून आला की माणूस बाजूला होतो, दुसरा आत शिरतो. कोण कुठल्या आळीचा, कुणी विचारत नाही. दोन वर्षांखाली माझा शेजारी, ज्यानं सहा महिने धड कुणाशी तोंड उघडलं नव्हतं, पहाटे शहराच्या वेशीत कावडीखाली दिसला. पाय सुजलेले, आणि घसा फाटेस्तोवर ओरडत होता, “हर्र बोला महादेव!”