दादाची एक आरती

डोक्याला मार लागलेला माणूस इस्पितळातून घरी आला, टाके निघाले, की सगळ्यांना वाटते, सुटलो एकदाचे. खरी कसरत त्यानंतर सुरू होते. आमचा थोरला दादा 2022 च्या पावसाळ्यात स्कूटरवरून पडला आणि मेंदूला इजा झाली. आज तो चालतो, बोलतो, पेपर वाचतो. सहन होत नाही तो आवाज, आणि माणसांची गर्दी.

पंखा फिरतोय, कुकर शिट्या देतोय, टीव्हीवर मालिका, बाहेर पोदेराचे पों-पों... एवढ्यातही समोरच्याचे बोलणे आपल्याला कळते, कारण नको ते आवाज मेंदू मागे सारत असतो. इजेनंतर अनेकांना हे नीट जमत नाही. दादाला सगळे एकाच पट्टीत ऐकू येते. त्यातून हवे ते वेचता वेचता तो तासाभरात दमतो. मग डोके ठणकते, चिडचिड होते. कान तपासले तर ठणठणीत!

2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी वस्तीसाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा घातली आहे. पण लादीवर पडलेला स्टीलचा चमचा कुठल्या नियमात बसवायचा? म्हणून घरचे नियम वहिनीने केले. कोणी बघत नसेल तर टीव्ही बंद. खुर्च्यांच्या पायांना जाड कापड. मिक्सर लावण्याआधी हाक मारून सांगायचे. एका वेळी एकानेच बोलायचे (आमच्या घरात हा नियम सर्वांत कठीण!). दादाने हात वर केला की तो मागच्या खोलीत जाणार, कोणी 'काय झाले?' विचारायचे नाही. कानात बोळे मात्र दिवसभर घालायचे नाहीत. डॉक्टरांनी बजावले आहे, कायम शांततेत राहिले तर कान आणखी हळवे होतात.

आवाजापेक्षा अवघड निघाले पाहुणे. आजाऱ्याची विचारपूस करणे आपल्याकडे कर्तव्य. पाच-सहा जण एकदम येतात, सगळे एकदम बोलतात, आणि वर म्हणतात, 'अरे, तू तर चांगला दिसतोस!' जखम दिसत नाही हाच तर घोळ. वहिनीने दोघांनीच, सकाळी, वीस मिनिटे असे ठरवले तेव्हा आत्या रुसली. 'आम्ही परकी झालो का?' म्हणाली. लंगडणाऱ्याला कोणी डोंगर चढायला लावत नाही, हे आत्याला पटायला सहा महिने लागले.

आणि मग आली चवथ. दादा म्हणजे आमच्या घरचा घुमटवाला. घुमट, शामेळ, कांसाळे, वर वीस-पंचवीस गळे. पहिल्या वर्षी तो दीड दिवस शेजारच्या गावी मित्राकडे राहिला. गणपती आपल्या घरी आणि थोरला मुलगा बाहेर! आई माटोळीखाली बसून गप्प रडली.

2024 च्या चवथीला तोडगा दादानेच काढला. म्हणाला, 'पहिली आरती मी वाजवतो. फक्त घुमट, बाकी काही नको.' आपण स्वतः केलेला आवाज कमी टोचतो, कारण तो कधी येणार हे मेंदूला आधीच ठाऊक असते. दुसऱ्याच्या हातची झांज अचानक येऊन आदळते. त्या दिवशी सगळे हळू आवाजात म्हणत होते, टाळ्याही नाहीत. दादाने एक आरती वाजवली, घुमट पुतण्याच्या हातात दिले आणि कुळागराच्या बाजूच्या खोलीत जाऊन दार लावून घेतले. मग बाकीच्या आरत्या नेहमीसारख्या दणक्यात झाल्या. त्या थांबवा असे दादाने कधीच म्हटले नव्हते. आईला एकच आरती पुरली.

असे माणूस तुमच्याही वाड्यावर असेल. जाण्याआधी फोन करा. एकटे जा. थोडे बोला, मध्ये थोडे गप्प बसा. तो उठून आत गेला तर रागावू नका, आपल्याशी बोलण्यात त्याने दिवसाची निम्मी ताकद घातलेली असते.

चहा पिऊन निघा. कप मात्र हळू ठेवा!