सीएसटी रोडवर पद्मिनीचा गिअर बॉक्स उघडतो तेव्हा…

कुर्ला स्टेशनच्या पश्चिमेला उतरायचं, लालबहादूर शास्त्री मार्ग गाठायचा आणि कालिन्याच्या दिशेनं वळायचं. आधी नाकाला ग्रीसचा वास येतो, मग डोळ्यांना बाजार दिसतो. दुकानांच्या दारांत टांगलेले बंपर, एकावर एक रचलेले मोटारींचे दरवाजे, दिव्यांच्या काचा आणि फुटपाथवर तेलकट पाण्याची डबकी. मुंबईकर या रस्त्याला सीएसटी रोड म्हणतात. बाहेरगावच्या पाहुण्याला वाटतं, हा छत्रपती शिवाजी टर्मिनसकडे जाणारा रस्ता असावा. मुळीच नाही! १९२८ साली ट्रॉम्बे ते अंधेरी अशी एक छोटी रेल्वे सुरू झाली होती. सेंट्रल साल्सेट ट्रामवे हे तिचं नाव. १९३४ मध्ये ती बंद पडली. रूळ गेले, पण तिच्या नावाची तीन अक्षरं रस्त्याला चिकटून राहिली.

मेलेल्या गाडीचं काहीतरी मागे राहावं, हा जणू या परिसराचा स्वभावच. जुनी मोटार भंगारात निघाली की तिचे सुटे भाग इथं येतात आणि दुसऱ्या एखाद्या गाडीत पुन्हा धावू लागतात.

कुर्ल्याची लेक

या बाजारात प्रीमियर पद्मिनीचा भाग शोधणं म्हणजे लेकीचं माहेरी येणं. ही गाडी जन्मली ती कुर्ल्यातच. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी अमेरिकन डॉज आणि प्लिमथ गाड्यांची जुळणी झाली, पुढे इटलीच्या फियाटशी करार झाला. १९६४ मध्ये फियाट ११०० डिलाइट आली आणि १९७४ पासून तीच गाडी प्रीमियर पद्मिनी या नावानं ओळखली जाऊ लागली. लोकांनी मात्र तिला शेवटपर्यंत ‘फियाट’च म्हटलं. नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची आणि गाडी दारात आली की सगळ्या आळीत पेढे वाटायचे, असे ते दिवस होते.

उत्पादन थांबलं तरी मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानं पद्मिनी रस्त्यावर राहिली. अशी शेवटची टॅक्सी ताडदेवच्या आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत एकही पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही.

तेव्हा अनेकांनी हळहळत फोटो काढले. पण ज्यांच्या घरी खासगी पद्मिनी अजून चालती आहे, त्यांच्यासाठी प्रश्न हळहळीपुरता नाही. टॅक्सी भंगारात निघत होत्या, तोवर त्यांचे गिअर बॉक्स बाजारात येत होते. बिघडला तर बदला, असा सरळ हिशेब होता. आता ती आवक आटली. यापुढे जुनी गाडी चालवायची, तर आहे तोच गिअर बॉक्स उघडून बरा करणारा माणूस सापडला पाहिजे.

तिसरा गिअर सुटतो!

अशाच एका माणसाच्या शोधात घाटकोपरचे एक निवृत्त बँक कर्मचारी इथं आले होते. गाडी १९८७ ची. स्टिअरिंगखाली डाव्या हाताला गिअरचा दांडा, म्हणजे मिस्त्रींच्या भाषेत ‘हॅण्ड गिअर’. तक्रार एकच : उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की तिसरा गिअर आपोआप सुटतो आणि दांडा न्यूट्रलला येतो.

ऐकायला साधी वाटणारी ही गोष्ट घाटात जिवावर बेतू शकते. उतरताना गाडीला इंजिनच आवरून धरत असतं. गिअर सुटला की सगळा भार ब्रेकवर येतो, आणि फार वेळ दाबलेले ब्रेक तापून ढिले पडतात. पत्नीचं माहेर नाशिकला. कसारा घाटाच्या धास्तीनं दोन वर्षं त्यांनी गाडी शहराबाहेर काढलेली नव्हती. ‘‘विकून टाका म्हणतो मुलगा. ही मात्र म्हणते, आधी एकदा दाखवून तर या,’’ असं सांगताना त्यांचा हात बॉनेटवरून फिरत होता.

साठी ओलांडलेल्या मिस्त्रीनं लगेच पाना उचलला नाही. आधी क्लचचा पेडल दाबून पाहिला. क्लच पुरता सुटत नसेल, तरी गिअर टाकताना करकर आवाज येतो आणि दोष मात्र गिअर बॉक्सला लागतो. मग दांड्यापासून बॉक्सपर्यंत जाणाऱ्या सळ्या हलवून पाहिल्या. हॅण्ड गिअरमध्ये या सळ्यांचे बुश झिजले की गिअर अर्धवटच बसतो, आणि अर्धवट बसलेला गिअर सुटणारच! शेवटी खालचा नट काढून थोडं तेल बोटावर घेतलं. त्यात बारीक पिवळी चमक होती. ‘‘काका, पीतल घिस रहा है. खोलना पडेगा.’’

टेबलावर मांडलेलं पोट

खालून प्रॉपेलर शाफ्ट सोडवला, जॅकच्या आधारानं बॉक्स उतरवला, रॉकेलनं धुतला. मग एकेक भाग जुन्या वर्तमानपत्रावर ओळीनं मांडला गेला. ज्या क्रमानं निघाला, त्याच क्रमानं. हा क्रम म्हणजेच मिस्त्रीची वही.

गिअर टाकला की दातेरी चाकं एकमेकांत घुसतात, अशी आपली समजूत असते. खरं तर दुसऱ्यापासून पुढच्या गिअरची चाकं कायम एकमेकांत गुंतलेलीच असतात. मेनशाफ्टवरची चाकं शाफ्टभोवती मोकळी फिरत असतात. त्यांतलं कोणतं शाफ्टला जखडायचं, तेवढं आपण दांड्यानं ठरवतो. मात्र शाफ्ट आणि चाक वेगवेगळ्या गतीनं फिरत असतात. ती गती आधी जुळवून देते सिंक्रो रिंग. ही रिंग स्वतः घासली जाऊन गती जुळवते, म्हणून झिजतेही तीच. पद्मिनीच्या पहिल्या गिअरला तर ही सोयच नाही. म्हणूनच जुने ड्रायव्हर गाडी पूर्ण थांबल्याशिवाय पहिला टाकत नसत.

या बॉक्समध्ये तिसऱ्याची रिंग गुळगुळीत झाली होती. चाकाला जखडून ठेवणाऱ्या बारीक दातांचे कोपरे गोल झाले होते, त्यांना ढकलणारा फोर्क एका बाजूनं पातळ झाला होता आणि मागच्या बेअरिंगमध्ये खेळ होता. खालचा लेशाफ्ट मात्र ठणठणीत!

बदलायचा की बांधायचा?

शेजारच्या दुकानदारानं तेवढ्यात तयार बॉक्स देऊ केला. किंमत दुरुस्तीच्या निम्मी, आजच बसवा आणि घरी जा. मोह कुणालाही पडावा. मिस्त्रीनं त्याचा नट सोडला, तर आतून दुधाच्या चहासारखं तेल आलं. म्हणजे आत पाणी शिरलेलं. हा रस्ता मिठी नदीच्या काठचा. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा इथली दुकानं आणि गाड्या पाण्यात बुडाल्या होत्या. बुडालेला बॉक्स बाहेरून पुसून चकचकीत करता येतो; आतल्या बेअरिंगवरचा गंज पुसता येत नाही.

पाच गिअरचा दुसऱ्या कंपनीचा बॉक्स बसवा, असाही सल्ला मिळाला. पण त्यासाठी प्रॉपेलर शाफ्टची लांबी बदलायची, बैठक नव्यानं बनवायची, हॅण्ड गिअर काढून खाली दांडा आणायचा. एका दुखण्यासाठी तीन ऑपरेशनं!

शेवटी जुनाच बॉक्स बांधायचं ठरलं. बेअरिंगची अडचण आली नाही. बेअरिंगच्या अंगावर नंबर कोरलेला असतो आणि त्या मापाचं बेअरिंग गाडीची कंपनी बंद झाली तरी मिळू शकतं. ऑइल सील मापानं मिळाले. रिंग, फोर्क आणि तिसऱ्या गिअरचा जोड यांसाठी मात्र अर्धा दिवस बाजार पालथा घालावा लागला. जोड अशासाठी, की एकमेकांवर फिरणारी दोन चाकं एकत्रच झिजतात. एक नवं आणि एक जुनं घातलं, तर बॉक्स सतत हूं-हूं करत रडतो. अखेर एका मोडलेल्या टॅक्सीच्या बॉक्समधून हा ऐवज निघाला. पाचव्या दिवशी गाडी उभी राहिली.

तुमच्याही दारात जुनी गाडी असेल, तर काही गोष्टी ध्यानात ठेवा. बॉक्स उतरवण्याआधी क्लच, सळ्या आणि तेल तपासून घ्या. तयार बॉक्स घ्यायचा असेल, तर तेल पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. बॉक्स खाली आलाच आहे, तर क्लच प्लेटही तेव्हाच बघा. नाहीतर तीच मजुरी पुन्हा भरावी लागेल. तेल गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेल्या प्रतीचंच घाला. काही तेलांतली रसायनं पितळी रिंगांना मानवत नाहीत. पहिल्या पाचशेक किलोमीटरनंतर ते तेल बदला, कारण नव्या भागांची बारीक झीज त्यात उतरते.

आणि हो, काढलेले जुने भाग मागून घ्या. घाटकोपरच्या काकांना मिस्त्रीनं ते न मागताच दिले, फडक्यात बांधून. गोल झालेले दात बोटानं चाचपत काका म्हणाले, ‘‘उस्ताद, हे टाकून दिले तरी चालतील ना?’’ मिस्त्रीनं मान हलवली. म्हणाला, ‘‘घर में रखो. अगली बार कोई खोलेगा, तो नाप काम आएगा.’’